वरकस जमीन, खाचर आणि वाढते शहर

(इगतपुरी-त्र्यंबकेश्वर भागातील भात उत्पादक शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाताच्या वाणांविषयी आणि खतांच्या मात्रांविषयी बोलावे, अशी आपली अपेक्षा असेल. ते बोलणे शेवटी करू. परंतु गेल्या काही वर्षांत या पट्ट्यात कोठेही गेले तरी शेतकरी बियाण्याच्या आधी दुसराच प्रश्न विचारतात. "साहेब, वरची वरकस विकत मागतात. द्यावी का? तिच्यात तसेही काय पिकते?" प्रश्न सरळ आहे, पण त्याचे उत्तर सातबाऱ्यावर सापडत नाही. म्हणून आजचे बोलणे वरकस जमिनीविषयी आहे.

आधी शहराकडे पाहू. नाशिकची महानगरपालिका १९८२ साली झाली. १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या थोडी पुढे होती. २०११ मध्ये ती १४ लाख ८६ हजार झाली. म्हणजे वीस वर्षांत दुपटीहून अधिक. या वाढीने प्रथम जवळची सपाट, काळी, बागायती जमीन घेतली. सातपूर, पाथर्डी, आनंदवल्ली, मखमलाबाद येथील भाजीपाल्याचे आणि द्राक्षांचे मळे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. सपाट जमीन महाग झाली तेव्हा शहराची नजर पश्चिमेकडे, आपल्या डोंगरांकडे वळली. त्र्यंबक रस्त्याला आणि मुंबई-आग्रा महामार्गाला लागून फार्महाऊसचे प्लॉट पडले. धरणांच्या काठी, जेथून पाणी दिसते तेथे, रिसॉर्ट उभी राहिली. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला आणि मुंबईकरांनाही हा भाग आणखी जवळ आला. शहरातल्या माणसाला थंड हवा आणि हिरवा डोंगर हवासा वाटतो, त्यात त्याचा काही अपराध नाही. मात्र तो जो तुकडा घेतो त्याचे काम काय होते, हे त्याला ठाऊक नसते. आपल्याला ते ठाऊक असले पाहिजे.

आपल्याकडे जमिनीचे दोन भाग आपण मानतो. खाली खाचर आणि वर वरकस. खाचराला आपण जमीन म्हणतो आणि वरकसाला माळ. खाचराची बांधबंदिस्ती करतो, त्याच्यावरून भाऊबंदकीही होते. वरकसाकडे मात्र पडीक म्हणून पाहतो. सातबाऱ्यावर पोटखराबा लागलेला असतो. तलाठ्याच्या दप्तरात त्याचा आकार नगण्य असतो. मग कोणी गुंठ्यावर भाव सांगितला की आपल्याला वाटते, दगडाचे पैसे होताहेत.

आता हिशेब करू. आपले वाडवडील वरकसावर पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी घेत आणि मग तो तुकडा गवताला सोडून देत. ही फेरपालट कोणा विद्यापीठाने शिकवलेली नव्हती. हलक्या, उथळ, उताराच्या जमिनीत सतत एकच पीक घेतले तर माती वाहून जाते, हे अनुभवाने कळलेले होते. पडीक राहिलेल्या तुकड्यावर गवत येई. त्या गवतावर गुरे जगत. गुरांचे शेणखत खाली खाचराला जाई. राबासाठी लागणारा पालापाचोळा आणि काटक्या वरूनच येत. म्हणजे खाचरातल्या भाताचे निम्मे पोषण वरकसातून उतरत होते.

ज्या गावांत वरकसाला तारेचे कुंपण पडले तेथे जाऊन पाहा. पहिली गोष्ट म्हणजे गुरे कमी झालेली दिसतात, कारण चरायला जागा नाही. गुरे कमी म्हणून शेणखत कमी. शेणखत कमी म्हणून युरियाची गोणी वाढली. पुढे जमीन घट्ट होते, चिखलणी नीट होत नाही आणि ट्रॅक्टरवाल्याची वाट पाहण्यात आवणीचे दिवस हुकतात. शेतकरी म्हणतो, वाण बिघडला. वाण बिघडलेला नसतो. पाच वर्षांपूर्वी वरचा तुकडा गेला, त्याचा परिणाम आता खाचरात उतरलेला असतो. वाणाची चौकशी करण्यापूर्वी मी हल्ली "दावणीला गुरे किती?" असे विचारतो.

पण शेणखतापेक्षा मोठी गोष्ट पाण्याची आहे. इगतपुरीला वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नाशिक शहरात सातशेच्या आसपास, आणि सिन्नर-निफाडकडे त्याहूनही कमी. म्हणजे जिल्ह्याचे पाणी या पश्चिमेच्या अरुंद पट्टीत पडते आणि बाकी जिल्हा त्यावर जगतो. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते. वैतरणा याच डोंगरांतून पश्चिमेला जाऊन मुंबईची तहान भागवते. दारणेवर इंग्रजांच्या काळात, १९१६ साली धरण झाले आणि त्यावर निफाड, कोपरगावकडची बागायत उभी राहिली. एवढे पाणी देणाऱ्या डोंगरातल्या वाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बायाबापड्या हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात, हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिले आहे. याचे कारण डोंगराच्या रचनेत आहे.

आपला सह्याद्री काळ्या दगडाच्या थरांचा आहे. एक थर घट्ट, अभंग. दुसरा सच्छिद्र, ठिसूळ, मुरुमाचा. मध्येच लाल मातीचा पातळ पट्टा. घट्ट थरातून पाणी खाली जात नाही. पाऊस मुरतो तो वरच्या मातीत, मुरुमात आणि दगडांच्या भेगांत. तेथून तो सरकत सरकत येतो आणि जेथे घट्ट दगड लागतो तेथे बाहेर पडतो. तो आपला झरा. दिवाळीनंतर खाचरात ओल राहते आणि त्या ओलीवर आपण हरभरा किंवा मसूर टाकतो, ती ओल याच पाण्याची. या डोंगरात पाण्याची मोठी साठवण नाही. मातीचा आणि मुरुमाचा जो हात-दोन हात जाडीचा थर आहे तोच आपला तलाव, आणि तो वरकसात आहे.

एका एकरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर चार लाख लिटर पाणी होते. आषाढात आपल्याकडे एका दिवसात एवढा पाऊस पडणे नवलाचे नाही. वर्षाचा तीन हजार मिलिमीटर धरला तर एका एकरावर एक कोटी वीस लाख लिटर. गवत आणि झुडपे असलेल्या उतारावर यातला काही भाग मुरतो आणि उरलेला सावकाश वाहतो. तोच एकर सपाट करून त्यावर बंगला, फरशी, गाड्या लावण्याची जागा आणि डांबरी रस्ता केला, तर जेथे फरशी आहे तेथले सारे पाणी त्याच तासाला खाली येते. ते कोठे येते? आपल्या खाचरात. बांध फुटतो, आवणी वाहून जाते, वर मुरुमाचा थर बसतो. आणि मार्गशीर्षात तोच झरा आटतो, कारण पाणी मुरलेलेच नसते. पावसाळ्यात जास्त आणि उन्हाळ्यात कमी, असा दोन्हीकडून तोटा होतो. त्यातच वरच्या प्लॉटवर कूपनलिका घेतली असेल तर उरलेसुरले पाणीही तिकडे खेचले जाते.

डोंगर कापणे ही याच्याही पुढची गोष्ट आहे. उतारावर प्लॉट पाडायचा तर यंत्राने वरची बाजू उभी कापतात आणि निघालेला मुरूम खालच्या बाजूला लोटतात. वरचा उतार आधाराविना राहतो आणि खालचा भराव पोकळ राहतो. पहिल्या दोन पावसाळ्यांत काही होत नाही, म्हणून सगळे निर्धास्त राहतात. भरावात पाणी शिरून तो जड झाला की मग तो सरकतो. नाशिकजवळ बेळगाव ढगा परिसरात टेकड्या पोखरल्या गेल्या. २०२१ मध्ये तर ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी यंत्रे लावून उतार खणला जात असल्याचे प्रकरण पुढे आले, लोकांनी आवाज उठवला आणि जिल्हा प्रशासनाने डोंगर-टेकड्यांच्या रक्षणासाठी कृतिदल नेमले. गोदावरीच्या उगमाशी ही वेळ यावी, यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गेले आणि १५१ माणसे मृत्युमुखी पडली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी. तिन्ही वेळा मुसळधार पाऊस हे मुख्य कारण होते. इर्शाळवाडीच्या डोंगरावर कोणी बंगले बांधले नव्हते. म्हणजे हा डोंगर मुळातच नाजूक आहे आणि काहीही न करता तो कधीतरी सुटतो. अशा डोंगराला आपण होऊन काप देणे किती शहाणपणाचे, याचा विचार करावा. माळीणच्या बाबतीत उतारावरील सपाटीकरण आणि बुजलेल्या पाण्याच्या वाटा यांकडेही अभ्यासकांनी लक्ष वेधले होते. हे सपाटीकरण शहरवाल्यांचे नव्हते, शेतीसाठीच होते. तेव्हा सगळा दोष बाहेरच्यांवर टाकून चालणार नाही. आपल्यापैकी काहीजण तासावर यंत्र आणून चढावर नवी खाचरे काढतात, शेततळ्यासाठी उतार खणतात, निघालेली माती ओहोळात लोटतात. हाताने, थोडी थोडी, दगडाची ताल घालून दहा वर्षांत काढलेले खाचर आणि यंत्राने एका दिवसात काढलेले खाचर यांत फरक आहे. पहिले डोंगराला सवय लावत होते.

ही माती जाते कोठे, हेही पाहू. नाशिकजवळचे गंगापूर धरण १९६५ साली पूर्ण झाले. त्याची मूळ साठवण सुमारे ७.२ टीएमसी होती. गाळाने ती सुमारे ५.६ टीएमसीवर आली आहे. हा गाळ म्हणजे आपल्याच उतारांवरची माती. धरणाच्या वरच्या अंगाला पुढे काश्यपी आणि गौतमी गोदावरी ही आणखी दोन धरणे बांधावी लागली. त्यांच्याखाली पुन्हा डोंगरातल्याच शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. २०१६ च्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडे पडले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठा पूर आला. ज्या शहरासाठी डोंगर कापला जातो त्याच शहराचे धरण त्या मुरुमाने भरते. हे शहरातल्यांना कळेल तेव्हा कळेल. आपल्या हाती आपला तुकडा आहे.

येथे एका गैरसमजाविषयी बोलले पाहिजे. पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राचे नाव काढले की गावात धास्ती पसरते की आता शेती बंद होणार, घराला कौल घालता येणार नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ साली अहवाल दिला. त्यानंतर कस्तुरीरंगन समितीचा अहवाल २०१३ साली आला. २०१४ पासून केंद्र सरकारने एकामागून एक मसुदे काढले, त्यांतला सहावा जुलै २०२४ अखेरचा. त्यात महाराष्ट्रातील सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र धरले आहे. मसुद्यातली बंदीची यादी खाणी, दगडखाणी, वाळू उपसा, औष्णिक वीज केंद्रे, अति प्रदूषण करणारे कारखाने आणि वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठी बांधकामे यांची आहे. त्या यादीत भात नाही, नागली नाही, गोठा नाही. राहत्या घराच्या दुरुस्तीला मनाई नाही. धास्ती पसरविणारा माणूस शेतकरी आहे की मुरूम विकणारा, हे एकदा पाहून घ्यावे.

माझ्या मते या मसुद्याची उणीव वेगळीच आहे. तो मोठे प्रकल्प पाहतो. एक एकराचे एक फार्महाऊस त्याच्या जाळीतून सहज सुटते. आणि एकेका एकराची शंभर फार्महाऊस मिळून एका मोठ्या प्रकल्पाइतकेच पाणी अडवतात आणि तेवढीच माती सोडतात. ही उणीव कायदा भरून काढेल तेव्हा काढेल. तोपर्यंत प्रत्येक एकराच्या व्यवहारात आपण स्वतः बसलेलो असतो.

आता मूळ प्रश्न, विकावे की नाही. विकूच नका, असे मी सांगणार नाही. दोन-तीन एकर भातावर मुलीचे शिक्षण, आजारपण आणि कर्जाचा हप्ता भागत नाही, हे मला ठाऊक आहे. पगारदार माणसाने व्यासपीठावरून जमीन राखण्याचा उपदेश करणे सोपे असते. मी एवढेच म्हणतो की विकायचीच वेळ आली तर कोणता तुकडा जातो, हे पाहून विका. ज्या तुकड्यातून ओहोळ उतरतो किंवा ज्याच्या खाली झरा आहे, तो शेवटपर्यंत राखा. रस्त्याकडेचा, कमी उताराचा, ज्याच्या खाली कोणाचेच खाचर नाही असा तुकडा गेला तर नुकसान त्या मानाने कमी. खरेदीखतात पाण्याची नैसर्गिक वाट आणि गुरांची, माणसांची पायवाट चतुःसीमेसह स्पष्ट लिहून घ्या. तोंडी शब्दावर जाऊ नका. मालक बदलतो, पुढचा मालक तो शब्द ओळखत नाही. इसार घेऊन कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देणे, मध्यस्थाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र करून देणे, हे तर मुळीच करू नका. ज्यांच्या नावावर आदिवासी खातेदाराची जमीन आहे त्यांनी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचे कलम ३६-अ समजून घ्यावे. केवळ विक्रीच नव्हे, तर बक्षीस, गहाण आणि भाडेपट्टाही पूर्वपरवानगीशिवाय बिगर आदिवासीच्या नावे होत नाही. "नुसता नव्वद वर्षांचा करार आहे, विक्री नाही" असे कोणी सांगत असेल तर तहसील कार्यालयात चौकशी केल्याखेरीज पुढे जाऊ नये.

आणि शेजाऱ्याने विकली, वरच्या मालकाने भिंत घालून ओहोळ अडवला, पाणी तुमच्या खाचरात वळवले, तर? बहुतेक शेतकरी दोन-तीन पावसाळे भांडतात आणि मग गप्प बसतात. यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे. जुना कायदा आहे, पण उपयोगी आहे. त्याच्या कलम ५ खाली पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहाला किंवा वहिवाटीच्या रस्त्याला केलेला अडथळा दूर करण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. म्हणून भिंत दिसली की लगेच अर्ज द्यावा, सोबत सातबारा, गटाचा नकाशा आणि पंचांसमक्ष काढलेली छायाचित्रे जोडावीत. मुरूम उपसा होताना दिसला तर त्याला महसूल खात्याचा परवाना आहे का, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. जी गावे अनुसूचित क्षेत्रात येतात तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला जास्तीचे अधिकार दिले आहेत. ग्रामसभेला पंधरा माणसे येत असतील तर ते अधिकार कागदावरच राहतात.

जी वरकस आपल्याकडे आहे तिच्याकडे पुन्हा पीक म्हणून पाहावे. नागलीला आज शहरात पूर्वीपेक्षा चांगली मागणी आहे. जे धान्य घरात पाहुण्यांपुढे ठेवायला आपण लाजत होतो ते शहरात पाकिटातून विकले जाते. नागली उताराला आडवी लावावी, वर-खाली ओळी काढू नयेत. दर काही अंतरावर गवताचा किंवा वाळ्याचा आडवा पट्टा सोडावा, म्हणजे माती तेथेच अडते. खुरासणीसाठी इगतपुरी संशोधन केंद्राने काढलेला 'सह्याद्री' हा वाण जुन्या शेतकऱ्यांना माहीत आहेच. खुरासणीच्या फुलोऱ्यात मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या तर दाणे चांगले भरतात आणि मधही मिळतो. बांधांवर गिरिपुष्प लावावे. त्याचा पाला चिखलणीच्या वेळी खाचरात गाडला की वरून येणाऱ्या पाल्याची आणि शेणखताची उणीव काही अंशी भरून निघते. चारसूत्री भात लागवडीतही गिरिपुष्पाचा पाला हे एक सूत्र आहे. जास्त उतारावर पीक न घेता केसर आंबा, करवंद, बांबू लावावा. रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड आपल्या राज्यात १९९० साली सुरू झाली तेव्हा पेठ-सुरगाण्याकडे लावलेल्या आंब्यांवर आज तेथील घरे दरवर्षी चार पैसे पाहतात.

ज्यांच्याकडे शहरातले लोक डोंगर पाहायला येतात त्यांनी २०२० च्या राज्य कृषी पर्यटन धोरणाची माहिती कृषी पर्यवेक्षकांकडून घ्यावी. जमीन न विकता, चार खोल्या बांधून, घरचे नागलीचे जेवण देऊन पाहुण्यांकडून पैसे मिळवता येतात. पाहुणा दोन दिवसांनी परत जातो आणि जमीन आपली राहते. स्वतःच्याच विकलेल्या वरकसावर पहारेकरी म्हणून राहणारे शेतकरी या रस्त्याला मी पाहिले आहेत, त्यापेक्षा हे बरे.

एक काम येत्या पावसापूर्वी करावयाचे आहे. मृगापूर्वी गावातल्या पाच-सहा जणांनी मिळून आपल्या खाचरांच्या वरचा उतार माथ्यापर्यंत फिरून पाहावा. जमिनीला चंद्रकोरीसारख्या भेगा पडल्या आहेत का, झाडे एका बाजूला कलली आहेत का, भराव टाकून ओहोळ बुजवला आहे का, हे नोंदवावे. पावसात झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा अचानक बंद पडले, घरांच्या दारांच्या चौकटी दाटू लागल्या, तर रात्र त्या घरात काढू नये आणि तलाठी, पोलीस पाटील यांना त्याच वेळी कळवावे. नवीन कापलेल्या उताराच्या खाली गोठा असेल तर गुरे आधीच हलवावीत.

वाणांविषयी बोलायचे राहिले आहे. इंद्रायणी आणि नागलीचे बियाणे कोठे व केव्हा मिळेल, बीजप्रक्रिया कशी करावी, हे आता फलकावर लिहून देतो. ज्यांना जमिनीविषयी काही विचारायचे असेल त्यांनी आपला गट नंबर आणि शक्य झाल्यास गावनकाशा घेऊन पुढे यावे. ओहोळ कोठून उतरतो, ते नकाशावर एकत्र पाहू.